बोम्मसंद्र्याची पितळी पट्टी

पवित्रा कडोलकर यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. बंगळुरातल्या चामराजपेटेत माझ्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे त्यांनी बरीच वर्षं काम केलं. पण त्यांचं लग्न झालं होतं का, देवाला हात जोडत होत्या का, एवढ्या सतत फिरत राहण्यामागे काय होतं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. बेळगावजवळच्या कडोलीच्या, एवढं आडनावावरूनच कळतं. मराठी आणि कन्नड दोन्ही सारखीच बोलत, आणि भांडताना कुठली वापरायची ते समोरच्यावर सोडत. बाकी जे माहीत आहे ते त्यांच्याबरोबर हिंडताना दिसलं तेवढं. त्यातलंही मला किती बरोबर समजलं, कोण जाणे.

त्या इमारतींसाठी काम करत. एखादी मूर्ती घडवायची आणि ज्याला हवी त्यानं नेऊन हवी तिथे ठेवायची, असं त्यांचं नव्हतं. आधी जागा, मग काम. हॉस्पिटलचा व्हरांडा, वाचनालयाचा जिना, कंपनीचं आवार. ती जागा बघून तिच्यापुरतंच काहीतरी पितळेत, मातीत किंवा दगडात करायचं. मेणाचे नमुने शेडमध्ये व्हायचे, ओतकाम बाहेरून करून यायचं आणि मग दिवसभर ठोकणं आणि घासणं. आवाजाबद्दल शेजारचे माझ्याकडे तक्रार करत. मी "सांगतो" म्हणे आणि सांगत नसे.

कुणी कामाला बोलावलं की त्यांचा पहिला निरोप ठरलेला असे, "मी येऊन बघेपर्यंत भिंत रंगवू नका." लोकांना वाटे, बाईंना रंग स्वतः निवडायचाय. त्यांना डाग बघायचे असत. भिंतीवर तेलकट डोक्याचा गोल डाग कुठे आहे, चपलेचा तळवा कुठे टेकवतात, जिन्याच्या वळणावर हाताचा काळा पट्टा किती उंचीवर आहे. त्या डागांवरून त्या काम ठरवत.

मला बरोबर नेण्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"काका, रिकामे आहात ना? चला. तुम्ही बोलत नाही, ते बरं आहे."

"मला त्यातलं काही कळत नाही, अक्का," मी म्हणालो. इथे वयानं लहान बाईलाही अक्काच म्हणतात.

"कळायला नको. तुम्ही नुसते बसा. कुठे बसता, कुठे टेकता, ते मी बघते."

असा मी बऱ्याच इमारतींत नुसता बसलो आहे. त्या मात्र बसत नसत. चहासुद्धा चालत चालत पीत. माझ्या अंगणाच्या कठड्यावर त्यांचा अर्धा प्यायलेला पेला रोज सापडायचा. आणि झालेलं काम त्यांना झालेलं वाटत नसे. वाचनालयाच्या जिन्यावरच्या मातीच्या फरश्या बसवून दोन वर्षं झाल्यावर त्या छिन्नी घेऊन गेल्या होत्या, वळणावरची एक फरशी चुकली म्हणून. ग्रंथपालानं त्यांना हाकललं. येताना बसमध्ये उभ्यानंच मला म्हणाल्या, "माझी सगळी कामं मला परत करायची आहेत. एक बोम्मसंद्र्याचं सोडून."

ते काम मी पाहिलेलं होतं. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. कंपनीनं त्यांना बोलावलं होतं मुख्य दारासाठी. त्या दार सोडून सगळीकडे फिरल्या आणि कँटीनच्या बोळात थांबल्या. जेवणाच्या सुट्टीत कामगार तिथे रांगेत उभे राहत. पिवळ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळी रेघ उमटली होती, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रांग पुढे सरकताना माणसांची बोटं भिंतीवरून ओढत जायची, त्यानं झालेली.

त्या रेघेवर त्यांनी वीतभर रुंदीची पितळी पट्टी बसवली. तिच्यावर बघण्यासारखं फार काही नव्हतं, उंची कमरेची, उजेड कमी. बोटांना मात्र कळायचं. जोंधळ्याचं कणीस, दाव्याची गाठ, शेळीचा कान, दाराची कडी, लुगड्याचा काठ, भाकरीची फुगलेली कड. हावेरीचे, रायचूरचे, ओडिशाचे, कृष्णगिरीचे लोक तिथे कामाला. प्रत्येकाला त्यातलं काहीतरी घरचं सापडायचं. काही वर्षांत पट्टी बाकी काळवंडली आणि हात लागत होते तेवढीच झळकत राहिली. शेळीचा कान सगळ्यांत जास्त. कँटीनचा मुकादम शिवाप्पा म्हणायचा, "अक्का, सांबार कमी पडलं की लोक कान जास्त पिळतात."

धोका एकच होता, खंडेनवमीचा. बंगळुरात ती आयुधपूजा. आदल्या दिवशी कारखान्यातलं यच्चयावत यंत्र धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, दारात कोहळा फोडतात. कँटीनच्या बायका पातेल्यांबरोबर पट्टीही चिंचेनं घासतील या भीतीनं पवित्राबाई दर वर्षी आदल्या दिवशी सकाळीच बोम्मसंद्र्याला जात आणि संध्याकाळपर्यंत बोळात येरझाऱ्या घालत. कारण त्या कुणाला सांगत नसत. "पट्टीला मी पुसते," एवढंच म्हणायच्या आणि कोरड्या फडक्यानं धूळ झटकायच्या. एकदा मी म्हणालो, "एकदा नीट सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "बोटांनी काय होतंय हे कळलं तर लोक मुद्दाम बोटं फिरवतील, काका. मग ते नाटक."

गेल्या वर्षी पावसाळ्यात कंपनीची सुखदा शेडमध्ये आली. पुण्याची मुलगी, कोरमंगलात राहणारी. कंपनीच्या इमारतींची देखभाल तिच्याकडे. घामानं डबडबली होती, पण खूश होती.

"पवित्रा मॅम, गुड न्यूज आहे! आम्ही देवनहळ्ळीला शिफ्ट होतोय. नवीन बिल्डिंग. आणि तुमची पट्टी आम्ही बरोबर नेतोय."

पवित्राबाईंच्या हातातली कानस थांबली. "कुठे लावणार?"

"रिसेप्शनला. ब्लॅक ग्रॅनाइटवर, वरून लाइट. खाली तुमचं नाव."

"हात लावू देणार?"

"छे! एक दोरी असेल पुढे. एकदम सेफ."

"मग माझं नाव नका लावू."

"मॅम, आम्ही रिस्पेक्टच देतोय ना?"

"देता. मेल्यावर हार घालतात तसा."

सुखदाचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना."

मी म्हणालो, "चहा घेता का?"

पवित्राबाई हसल्या, ती मात्र हसली नाही. तिनं सांगितलं ते असं. जुनी जागा विकली गेली होती. नवा मालक सगळं पाडून गोदाम बांधणार. पट्टी तिथे राहणं शक्यच नव्हतं. एक तर देवनहळ्ळीचं रिसेप्शन, नाहीतर भंगार. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत कळवायचं.

"नवीन करून द्या ना मॅम, रिसेप्शनसाठी वेगळी," ती जाताना म्हणाली. "ही मग राहू दे."

पवित्राबाई पुन्हा कानस चालवू लागल्या. ती गेल्यावर त्यांनी मला उजव्या हाताची दोन बोटं दाखवली. वर्षभर त्यांना टोचलेलं कळत नव्हतं. "मेणावर बोट फिरवून काम करायचं, आणि बोटच मुकं झालंय. नवीन कुठून करू? जे आहे ते एवढंच आहे." मी पेला उचलून आत गेलो.

त्यानंतरचे आठवडे त्यांनी मला आणि स्वतःला एका जागी ठेवलं नाही. एक दिवस बोम्मसंद्रा, एक दिवस देवनहळ्ळी. शहराचं एक टोक ते दुसरं. सकाळी "नेऊ दे" म्हणत, दुपारी "भंगारात गेली तरी चालेल." देवनहळ्ळीला किल्ल्याच्या पलीकडे द्राक्षांचे मळे मोडून प्लॉट पाडलेत, तिथे ती नवी इमारत. काच, गारवा आणि कुठेही डाग नाही. त्यांनी कँटीन बघितलं. जेवण मोबाइलवर सांगायचं, तयार झालं की मोबाइल वाजतो, जाऊन उचलायचं.

"रांग?" त्यांनी विचारलं.

"रांग नाहीच मॅम! तोच तर पॉइंट आहे," सुखदा म्हणाली.

पवित्राबाई मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. "काका, इथे कुणी थांबतच नाही. ही पट्टी थांबणाऱ्या माणसाची आहे. तिला इथे आणली तर ती नुसतं पितळ."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बोम्मसंद्र्याला सकाळीच जायचं होतं. पण त्यांना झोपेतून उठल्या उठल्या वाटलं की देवनहळ्ळीचा मागचा जिना आपण बघितलाच नाही. आधी तिकडे धावलो. जिन्यात काही नव्हतं. परत निघालो तर हेब्बाळच्या पुलावर गाड्या हलेनात. पवित्राबाई टॅक्सीचं दार उघडून उतरल्या, थोडं चालल्या, परत येऊन बसल्या, पुन्हा उतरल्या.

"मॅडम, नीवु नडेदुकोंडे होगि," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. म्हणजे तुम्ही चालतच जा.

"तू गप्प चालव."

"चालायला जागा असती तर चालवली नसती का?"

दुपार उलटून गेल्यावर बोम्मसंद्र्याला पोहोचलो. फाटकातच झेंडूचा आणि कोहळ्याचा वास. शिवाप्पा नवी लुंगी नेसून समोर आला आणि त्यानं पवित्राबाईंना हाताला धरूनच बोळात नेलं.

पट्टी सोन्यासारखी लखलखत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखी. खालच्या फरशीवर चिंचेचा चोथा आणि मीठ अजून ओलं होतं. कँटीनच्या बायका रांगेनं उभ्या होत्या, पदर खोचलेले, कोपरापर्यंत हात काळे.

"हेंगिदे, अक्का?" शिवाप्पानं विचारलं. कशी दिसते? मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "इथली शेवटची पूजा. उद्या ही सासरी जाणार. अशी काळी कशी पाठवायची? सकाळपासून घासतोय."

मी पवित्राबाईंकडे बघू शकलो नाही. इतक्या वर्षांचे हात त्या बायकांनी एका सकाळीत, प्रेमानं, धुऊन टाकले होते. शिवाप्पाला त्या गप्पपणात काहीतरी जाणवलं. त्यानं हळूच विचारलं, "तप्पायता, अक्का?" चुकलं का?

"इल्ल, शिवाप्पा," त्या म्हणाल्या. "चेन्नागिदे. छान झालंय."

मग त्यांनी पट्टीवर हात ठेवला. उजवा नव्हे, डावा. डोळे मिटले आणि बोळाच्या एका टोकाकडून चालायला लागल्या, रांगेतल्या माणसासारख्या सावकाश. कणीस, गाठ, कडी. शेळीच्या कानापाशी थांबल्या. पुन्हा चाचपलं. मला जवळ बोलावलं.

"काका, इथे बोट लावा. टोक लागतंय?"

मी लावलं. "नाही. गोल आहे."

"मी टोकदार केला होता." त्यांनी माझं बोट पुढच्या एका फुलाच्या पाकळीवर ठेवलं, जिथे कुणाचा हात फारसा जात नसावा. तिची कड बोटाला रुतली. "बघा. चिंचेनं रंग गेला. झीज कशी जाईल?"

आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या, ओल्यात. एका बाईनं त्यांच्या ओंजळीत चुरमुरे-फुटाणे घातले. ते त्यांनी सगळे बसून खाल्ले. त्यांना बसून खाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना गाडीतूनच त्यांनी सुखदाला फोन केला. "घेऊन जा पट्टी. हात तिच्यात आहेत, ते येतील बरोबर. पण जागा मी सांगेन. रिसेप्शन नाही."

ही जागा शोधण्यात दिवाळी गेली. नव्या इमारतीत कुणी थांबत नव्हतं ते खरंच, पण इमारतीच्या मागे थांबत होतं. पाळी सुटली की सफाईचे, पॅकिंगचे, कँटीनचे लोक मागच्या फाटकाशी कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहत. वर पत्रा, बाजूला कमरेएवढ्या उंचीची लांब भिंत. तिला अजून गिलावाही नीट नव्हता. पवित्राबाई म्हणाल्या, इथे.

"मॅम, तिथे कोण बघणार?" सुखदा रडकुंडीला आली. "माझा बॉस मला विचारेल, एवढी सुंदर गोष्ट तू बसस्टॉपला लावलीस?"

"सांग, म्हातारी ऐकत नाही."

"तुम्ही म्हाताऱ्या नाही आहात. हट्टी आहात."

"तेही सांग."

तिनं काय सांगितलं माहीत नाही. पण रिसेप्शनला मोठा पडदा लावायचं वरून ठरलं, कंपनीच्या जाहिराती दाखवणारा, आणि मग पट्टी कुठे लागते याची कुणाला पर्वा राहिली नाही. डिसेंबरात ती मागच्या भिंतीला लागली. भिंतीच्या अंगावर, जुन्या बोळातल्यासारखी, कमरेच्या उंचीला.

आणि कुणी तिला हात लावेना.

पवित्राबाई रोज संध्याकाळी त्या रांगेत जाऊन उभ्या राहू लागल्या. बोम्मसंद्र्याचे बरेच लोक एवढ्या लांब आलेच नव्हते. शिवाप्पासुद्धा त्याच्या गावी तिपटूरला गेला. नवे लोक आसपासच्या खेड्यांतले. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात डबा नाहीतर पिशवी. बोटं रिकामी कुणाची नव्हती. "इथे थांबतात, पण हात कामात आहेत," त्या मला अंगणात सांगत. सांगताना कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. "मी चुकले, काका. मी जुन्या रांगेसाठी लावली. ही रांग वेगळी आहे. मी बघितलं नाही, मी नुसती आठवली."

"लोकांना सवय होईल," मी म्हणालो.

"लोकांनी का सवय करायची?"

एक दिवस त्यांनी मला तिथे नेलं आणि उभं केलं. खांद्याला शबनम पिशवी, हातात छत्री. बसला उशीर होता. थोड्या वेळानं माझा खांदा दुखायला लागला आणि मी पिशवी काढून भिंतीच्या माथ्यावर टेकवली. त्या लांबून बघत होत्या. धावतच आल्या.

"काय केलंत?"

मी घाबरून पिशवी उचलली. "काही नाही. जड झाली म्हणून ठेवली."

"ठेवा, ठेवा. परत ठेवा."

त्या आठवड्यात त्यांनी पट्टी भिंतीवरून सोडवली आणि भिंतीच्या माथ्यावर आडवी बसवली, फळीसारखी. कणीस, कान, कडी आता वरच्या पत्र्याकडे तोंड करून. एका कामगाराला हाताशी धरून स्वतः सिमेंट कालवलं. सुखदा पत्र्याबाहेर उन्हात डोक्यावर फाइल धरून उभी होती. "मॅम, आता ही फायनल ना?" तिनं विचारलं. त्या थापी फिरवत राहिल्या. सुखदाच मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा घेता का, काका?"

फेब्रुवारीत पवित्राबाई भाचीच्या लग्नाला कडोलीला गेल्या. मांडवात पाहुण्यांना वाढत असताना खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत, असं त्यांच्या भावानं फोनवर सांगितलं. तो शेडमधलं सामान न्यायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं, ताई इथे नेमकं काय करायच्या? मी जमेल तसं सांगितलं. त्याला फारसं कळलं नसावं. मला सांगता आलं नसावं.

देवनहळ्ळीला मी त्यानंतर गेलेलो नाही. एकट्यानं जाऊन फाटकावर काय सांगायचं, हा प्रश्न आहे. सुखदाचा एकदा फोन आला होता, तेव्हा पट्टीबद्दल विचारायचं राहून गेलं.

कडोलीला जायच्या आदल्या संध्याकाळी पवित्राबाईंचा मला देवनहळ्ळीहून फोन आला होता. मागे गलका होता.

"काका, मी रांगेत उभी आहे. मागची बाई म्हणते, पुढे सरका."

"मग सरका."

"कशी सरकू? माझ्या पुढच्या बाईनं पट्टीवर डबा ठेवलाय. वर कोपर टेकून लेकीशी बोलतेय फोनवर. मी सरकले तर तिला डबा उचलावा लागेल."

"मग नका सरकू."

"मागची शिव्या घालतेय, काका."

"कन्नडमध्ये?"

"तेलुगूत. कळत नाहीये, ते बरं आहे." मग त्यांनीच विचारलं, "तुमचं जेवण झालं?"

"आत्ताशी भात लावलाय."

"सरी, बरं. ठेवते. बस आली."